विषय: सोलापूरला काय पाठवायचं?

प्रेषक: बाळीवेसकर काका

मंडळी, नमस्कार.

दिवाळीच्या कार्यक्रमातून खर्च वजा जाता यंदा बरी रक्कम उरली आहे. ती दिव्यांगांच्या कामाला द्यायची हे सभेत ठरलंच आहे. ब्रिटनमधल्या आपल्या मंडळात आम्ही सोलापूरकर इतके जण, म्हणून सोलापूरला. पूर्व भागातल्या एका संस्थेशी बोललोय. माझा प्रस्ताव: पंचवीस व्हीलचेअर आणि दहा शिलाई मशिन. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला मी जातोच आहे, तेव्हा छोटा वाटपाचा कार्यक्रम करू आणि फोटो स्मरणिकेत छापू. हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा, नाहीतर संमती धरतो.

शेंगाचटणी कुणाला किती हवी तेही आत्ताच सांगा. गेल्या खेपेला विमानतळावर ऐनवेळी बॅग उपसावी लागली होती.

---

प्रेषक: सध्या मुक्काम जुळे सोलापूर

काका, हरकत आहे. चटणी अर्धा किलो.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी तीन महिने इथे आहे, तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही म्हणताय त्याच संस्थेत माझा धाकटा भाऊ जातो, म्हणजे जायचा. तो आता एकतीस वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम. अठरापर्यंत विशेष शाळा, मग कार्यशाळा. कार्यशाळेत राख्या, कागदी पिशव्या आणि पणत्या. बारा वर्षं तो पणत्या रंगवत होता. आपल्या कार्यक्रमात दारापाशी टेबलावर ठेवून आपण कौतुकाने विकतो ना, तसल्याच. शिलाई मशिन म्हणाल तर तिथे आधीच सात आहेत, त्यातली चार चादरीखाली झाकलेली.

गेल्या वर्षी तिथल्या एका बाईंनी वेगळंच केलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात त्या गेल्या. नोकरी मागायला नाही, काम बघायला. चार दिवस त्या स्वतः पॅकिंगच्या टेबलावर घड्या घालत बसल्या. मागांपाशी आवाज फार आणि धोका, तिथे आमच्या पोराचं काम नाही. पण टॉवेलची घडी घालायची, डझन करायचा, पिशवीत भरायचा, हे तो करू शकेल असं त्यांना वाटलं. अडचण एकच. त्याची मोजणी सातानंतर भरकटते. बाईंनी सुताराकडून बारा खणांची फळी करून घेतली. प्रत्येक खणात एक टॉवेल. सगळे खण भरले की डझन झाला. मोजायचंच नाही! इतकी साधी गोष्ट आम्हाला घरी कुणाला सुचली नव्हती. आम्ही त्याला एकतीस वर्षं पाढे शिकवत होतो.

पहिला महिना बाई त्याच्या शेजारी उभ्या. दुसऱ्या महिन्यात गेटजवळच्या बाकावर. मग आठवड्यातून एकदा, आता फक्त फोन. मालकांनी विचारलं, पगार किती द्यायचा? बाई म्हणाल्या, बाकीच्यांना डझनाला जो दर तोच. त्याचा हात निम्म्या वेगाने चालतो, त्यामुळे पैसे निम्मे येतात, पण दर पूर्ण. यावरून आमच्या घरात भांडण झालं, आई म्हणे, पोराला जास्त द्यायला हवे होते. मला बाईंचं पटलं.

शेअर रिक्षा शिकायला कामापेक्षा जास्त वेळ गेला. आधी बाई बरोबर बसायच्या, मग मागच्या रिक्षाने, मग तो एकटा. एकदा तो अशोक चौकातच उतरला आणि तासभर एका चहाच्या गाड्यापाशी उभा राहिला. गाडीवाल्याने त्याच्या गळ्यातल्या कार्डावरचा नंबर फिरवला. मी घाबरून बाईंना म्हटलं, आता बास. त्या म्हणाल्या, कार्ड चाललं ना?

बँकेचं वेगळंच. एका बँकेने खातं उघडायला पालकत्वाचा कागद मागितला. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती तो देते. त्या हेलपाट्यांवर स्वतंत्र मेल लिहीन, आज नको. पहिल्या पगारातून त्याने मोबाईलचं लाल कव्हर घेतलं आणि उरलेल्या पैशांचा हिशेब आईला द्यायला साफ नकार दिला. आई आठवडाभर धुमसत होती.

तर काका, सध्या या बाईंचा पगार कुठूनच निघत नाही. अनुदान येतं ते कार्यशाळेतल्या मंजूर पदांना. मुलगा कार्यशाळेबाहेर पडला की त्याच्यामागे जाणाऱ्या माणसासाठी पदच नाही. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, सरकारी जागांत चार टक्के राखीव ठेवले, ते चांगलंच झालं. पण सोलापुरात काम आहे ते टॉवेल, चादर आणि गणवेशाच्या कारखान्यांत, आणि खासगी मालकांसाठी कायद्यात सक्ती नाही, पाच टक्के घेतले तर प्रोत्साहन एवढंच. तिथे दार ठोठावायला आणि दोन महिने उभं राहायला माणूस लागतो. बाई एका वेळी चारपाच जणांना सांभाळू शकतात. दोन वर्षांचा त्यांचा पगार आणि रिक्षाभाडं पाठवा. फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही, हे मान्य.

---

प्रेषक: खजिनदार

ताई, पटलं. आता पाठवायचं कसं ते बघू.

मंडळ ब्रिटनमध्ये नोंदलेलं, म्हणजे आपले पैसे भारताच्या दृष्टीने परकीय निधी. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावे लागतात. मी संस्थेला फोन केला, त्यांच्याकडे नोंदणी नाही. ती मिळायला संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या काळात कामावर किमान 15 लाख खर्च झालेला लागतो. पूर्वी आपण पुण्याच्या मोठ्या संस्थेकडे पाठवून त्यांनी पुढे द्यावं असं करायचो. 2020 च्या दुरुस्तीनंतर तेही बंद.

राहिले दोन मार्ग. एक, ठरावीक देणगीसाठी पूर्वपरवानगी. त्याला वेळ लागेल. दोन, ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, आपापल्या एनआरआय खात्यातून थेट द्यायचं. तो परकीय निधी धरत नाहीत. ओसीआयवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना, ही सवलत नाही, म्हणजे मी बाद. (निळा पासपोर्टवाले असं म्हणू नका. ब्रिटिशही आता निळाच झालाय.)

पूर्वपरवानगीचा मार्ग घेतला तर एक प्रश्न येईल: परकीय निधीतला प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांवर जाता येत नाही. शाळेतल्या शिक्षकांचे पगार त्यात मोजत नाहीत. बाई त्यात बसतात का, हे त्यांच्या सीएकडून लेखी घेऊ.

---

प्रेषक: चाकांवरून

काका, पंचवीस खुर्च्या एकाच मापाच्या घेणार होतात ना? मी चौथीपासून चाकाच्या खुर्चीत आहे. दवाखान्यातली घडीची खुर्ची रुग्णाला एक्स-रेपर्यंत न्यायला असते, दिवसभर बसायला नाही. बैठक रुंद असली की माणूस एका बाजूला कलंडतो, गादी चुकीची असली की जखमा होतात. सोलापुरात माझी पहिली खुर्ची एका वाटपाच्या कार्यक्रमातच मिळाली होती. हार, नारळ, फोटो. चार महिन्यांत पुढचं चाक तुटलं. दुरुस्त करणारा कुणी नव्हता, शेवटी सायकलवाल्याने वेल्डिंग केलं. खुर्च्या द्यायला सरकारची एडिप योजना 1981 पासून आहे. बघायचं तर दुरुस्तीचं बघा.

ताईंच्या पणत्यांवरून रेम्प्लॉय आठवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे ब्रिटनमध्ये अपंगांसाठी उभे राहिलेले सरकारी कारखाने. 2012-13 मध्ये ते बंद झाले. वेगळे कारखाने नकोत हे मला पटत होतं, पण तिथल्या अनेकांना पुढे काम मिळालं नाही हेही खरं. कार्यशाळा बंद करा म्हणण्याआधी बाहेर उभं राहणारा माणूस हवा. मी रोज ऑफिसला टॅक्सीने जातो, त्याचे पैसे इथल्या सरकारच्या ॲक्सेस टू वर्क योजनेतून येतात. 1994 पासूनची योजना आहे. बाईंचं रिक्षाभाडं म्हणजे तेच की.

---

प्रेषक: बाळीवेसकर काका

मंडळी, खुर्च्या आणि मशिन मागे घेतो.

माझ्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे. तीस वर्षं बायको त्यावरून बोलतेय, आज पहिल्यांदा उपयोग झाला. माझ्याबरोबर आणखी कोण, ते खजिनदारांना सरळ कळवा, इथे यादीवर नको. पूर्वपरवानगीचे कागद खजिनदार बघतील.

चाकांवरून, तू सोलापुरात सायकलच्या दुकानांचं म्हणालास. आमच्या आळीत एक अजून चालू आहे. तिथल्या पोराला तुझ्याशी व्हिडिओवर बोलायला बसवतो. शिकवशील का बे?

ताई, त्या फळीचं माप पाठव. लांबी, रुंदी, खणाची खोली. आणि बाईंना विचार, मी गड्ड्याला आलो की एक दिवस कारखान्यात बसलो तर चालेल का. कॅमेरा आणणार नाही.

चटणी आत्तापर्यंत साडेनऊ किलो झाली. यापुढे घेत नाही.