आपोआप सरकणारे दरवाजे आणि पडद्यामागची फजिती

प्रश्न: १९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या अंतराळावरच्या अमेरिकी मालिकेत माणूस जवळ येताच यानाचे दरवाजे सर्रकन बाजूला सरकतात. त्या काळी सेटवर अशी यंत्रणा कशी बसवली असेल, आणि ती कधी दगा देत नसे का?

उत्तर १: यंत्रणा कसली! भिंतीआड उभे राहिलेले कामगार ते दरवाजे हातांनी ओढत आणि त्यांचा 'स्स्स' असा आवाज नंतर जोडला जाई. ओढणाऱ्याला क्षणभर उशीर झाला, की ऐटीत निघालेला नट थेट बंद दारावर आदळे.

उत्तर २: बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेची गत याहून बिकट होती. १९६३ साली पहिल्या भागाच्या चित्रीकरणात टार्डिसचे, म्हणजे त्यातल्या कालयानाचे, दार नीट मिटेना, ते आपटतच राहिले. इतरही त्रुटी असल्याने तो भाग पुन्हा चित्रित झाला. एरवी मात्र चित्रफीत कापून जोडणे महाग पडत असल्याने नटांच्या चुका तशाच प्रसारित होत. किरणोत्सर्गावरच्या औषधांऐवजी 'हातमोजे' म्हणून बसलेले, डॉक्टरची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल लगेच सावरतात, तो क्षण मला तरी फार लोभस वाटतो.

प्रश्नकर्ता: आभार. आता ते दरवाजे पाहताना माझे लक्ष नटांच्या नाकाकडेच जाईल.