पर्लकोटेच्या पलीकडचं गाव, वादळात रस्ता तुटला तर दवाखाना कसा गाठायचा?

लाहेरी_रोड: नमस्कार. गाव भामरागड तालुक्यात, पर्लकोटा नदीपलीकडे. मधात दोन नाले, दोन्हीवर रपटेच (पाणी वरून जाते असे ठेंगणे पूल). वहिनीला आठवा महिना लागला, पहिलं बाळंतपण सिझरचं. आईला मिक्स्ड इन्सुलिन, सकाळ-संध्याकाळ. वादळ आलं की लाईट जाते, मागून टॉवरही जातो. 108 ची गाडी आली तरी नाल्यापर्यंतच. आतापासून काय करून ठेवायचं?

निवृत्त_सिस्टर: भाऊ, आधी वहिनीचं पाहा. आधीचं सिझर म्हणजे पिशवीवर जुना टाका आहे. कळांच्या जोरानं तो उसवू शकतो, मग तातडीनं ऑपरेशन लागते. त्यासाठी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्त, तिन्ही एकाच जागी पाहिजेत. म्हणून भामरागडचं ग्रामीण रुग्णालय गाठलं की झालं, असं समजू नका. पर्लकोटेचा पूल बुडाला तर तिथून पुढं अहेरीला पाठवताच येत नाही. नदी आधीच ओलांडा.

छत्तीस आठवडे भरले की तिला अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयाजवळ किंवा गडचिरोलीच्या महिला व बाल रुग्णालयाजवळ नेऊन ठेवा. नेण्याआधी भूलतज्ज्ञ त्या आठवड्यात हजर आहेत का, ते आशाताईकडून किंवा एएनएमकडून (उपकेंद्राच्या नर्सकडून) फोनवर विचारून घ्या. माहेरघराची (बाळंतपणाआधी बाईला येऊन राहायच्या खोलीची) सोय चांगलीच आहे, पण ते प्राथमिक आरोग्य केंद्रात असते. साध्या बाळंतपणाला ठीक, हिच्यासाठी पुरत नाही. जायला 102 ची गाडी फुकट मिळते. माता-बाल कार्ड, सोनोग्राफी, रक्तगट आणि मागच्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. डिस्चार्ज कार्ड लोक घरी विसरतात, आणि डॉक्टर पहिलं तेच मागतात.

अंगावर रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं दुखून डोळ्यांपुढं अंधारी, झटके, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं एकही दिसलं तर तारखेची वाट पाहायची नाही. खाटेवर न्यायची वेळ आली तर डाव्या कुशीवर निजवा. चार जण उचलायला अन् चार बदलीला घ्या, चिखलात चौघांनी भागत नाही.

औषधवाला: इन्सुलिनचं सांगतो. चालू बाटली 25 ते 30 डिग्रीच्या आत साधारण महिनाभर टिकते, नेमके दिवस खोक्यावरच्या कागदात पाहा. लाईट गेली की फ्रिज उघडझाक करू नका. थर्मासमध्ये बर्फ ठेवला तर बाटली कपड्यात गुंडाळून ठेवा, बर्फाला टेकली आणि एकदा गोठली की कामातून गेली. मडक्यात मडकं, मधात ओली रेती, ही युक्ती उन्हाळ्यात मस्त चालते. पावसात हवाच ओली, पाणी उडत नाही, म्हणून गारवा फारसा येत नाही. तिच्या भरवशावर राहू नका. मिक्स्ड इन्सुलिन दुधासारखंच दिसते. तळहातात हलकं फिरवूनही गुठळ्या राहिल्या तर फेकून द्या.

खरा घोळ सिरिंजचा होतो. रस्ते बंद असले की लोक शेजाऱ्याचं सामान वापरतात. 40 च्या बाटलीला (एका मिलीत 40 युनिट) लाल टोपणाची सिरिंज, 100 च्या बाटलीला (एका मिलीत 100 युनिट) नारंगी टोपणाची. 100 चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात 50 युनिट जातात. साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडतो. उलट केलं, तर 20 च्या जागी फक्त 8. महिनाभर पुरेल एवढं औषध आणि सिरिंज जूनच्या आधीच घरात आणून ठेवा. गुळाचा खडाही हाताशी असू द्या. आईनं जेवण टाकलं तर डोस स्वतःहून ठरवू नका, नर्सला विचारा.

रपटा_पाहणारा: वरचं सगळं बरोबर. रस्त्याचं मी सांगतो. रपट्यावर पाणी घोट्याएवढं दिसलं तरी खालचा काँक्रीटचा तुकडा वाहून गेला असू शकतो. वरून ओळखू येत नाही, आणि ट्रॅक्टरवाले बुडतात ते इथंच. विजा कडकडत असतील तर खाट घेऊन निघू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा, तेही मोहाच्या झाडाखाली नाही.

108 ला फोन लावला की जिल्हा, तालुका, गाव आणि गाडी कोणत्या नाल्याच्या कोणत्या बाजूला थांबेल, ते आधी सांगा. एकाच नावाची गावं दोन-तीन असतात, गाडी भलतीकडे जाते. आपल्या सिमला रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीची असेल, तर 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर लागू शकतो. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077, बोट लागत असेल तर तिथंच सांगावं लागते.

लाहेरी_रोड: नदी या पावसाळ्यात लवकर चढली आणि वहिनी इकडेच अडकली तर?

निवृत्त_सिस्टर: तर कळा सुरू व्हायची वाट पाहू नका. त्याच दिवशी आशाताईला सांगा, ती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवेल. दिवसाउजेडी, पाणी उतरणीला असताना बोटीनं पलीकडे काढायचं. 1077 वर बोलताना "आठवा महिना, आधीचं सिझर" हे शब्द पहिल्या वाक्यातच सांगा.