दूध सोडलं, पण का? आपापले अनुभव लिहा

वीगन (म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांपासून मिळणारं काहीच न वापरणारे) झालेले, होता होता राहिलेले, महिनाभरात परत फिरलेले, सगळ्यांनी लिहा. फक्त प्रोटीनचा वाद नको, तो दर लग्नाच्या पंगतीत होतोच. आमच्यासारख्या शाकाहारी घरात मटण सोडायचा प्रश्नच नसतो, खरी परीक्षा दुधाची.

माझं सांगते. मामाकडे म्हैस व्यायली की खरवस ठरलेला, आणि लहानपणी वेलची जास्त घाला म्हणून माझा हट्ट. चाळिशीत एकदा पहाटे गोठ्यात उभी होते. मामानं रेडकू सोडलं, त्यानं चार ढुशा मारल्या, म्हैस पान्हावली, की लगेच त्याला ओढून खुंट्याला बांधलं. ते दाव्याला हिसके देतंय आणि इकडे चरवीत धारांचा आवाज. शंभरदा पाहिलेलं, पण दिसलं त्या दिवशी. मामीनं खरवसाची वाटी पुढे केली तेव्हा, हा चीक त्याचा होता, असं तोंडातून निघेना. खाल्ला. तो शेवटचा.

*

माझं कारण अगदीच गद्य आहे, पोट. वय वाढतं तसं दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज आपल्याकडे बऱ्याच जणांत कमी होतं, हे मला पस्तिशीत कळलं, तोवर मी ॲसिडिटी समजून गोळ्या खात होतो आणि वरून थंड दूध पीत होतो (आईचा उपाय!). दूध बंद केलं, पंधरा दिवसांत पोट शांत. प्राण्यांचा विचार नंतर आला, खोटं कशाला बोला. एक मात्र सांगतो, बी12 ची गोळी घ्या, झाडपाल्यातून ते भरवशानं मिळत नाही. मी शहाणपणा करून दीड वर्ष घेतली नाही आणि तळपायाला मुंग्या यायला लागल्यावर डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्या.

*

आमच्याकडे भांडण वरणभातावरच्या तुपावरून. सासूबाई म्हणतात, अगं थेंबभरच तर घालतेय. माहेर रत्नागिरीचं, तिकडे पुरणपोळी नारळाच्या दुधाशी खातात, सोलकढी तर आहेच, त्यामुळे मला जड गेलं नाही. दही शेंगदाण्याच्या दुधाचं लावते, विरजण म्हणून हिरव्या मिरचीची देठं, पहिले तीन वेळा नासलं, चौथ्यांदा लागलं. रेशमाचे कोष आत किडा जिवंत असतानाच उकळतात हे समजल्यापासून नवीन पैठणी घेतली नाही. लग्नातली नेसते का? नेसते. बोला काय बोलायचं ते.

*

सात महिने टिकलो. दहीभातानं घात केला.

*

मी वीगन नाही, डेअरीला दूध घालणारा आहे, तरी लिहितो. 3.5 टक्के फॅट आणि 8.5 टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) लागलं तर दर, नाहीतर कापतात, आणि पेंडीचं पोतं काही थांबत नाही. गोऱ्हा झाला की आमच्या गोठ्यात कुणी हसत नाही. शेतात ट्रॅक्टर आले, बैल घेतो कोण, आणि 2015 पासून राज्यात बैल-गोऱ्ह्यांच्या कत्तलीलाही बंदी, मग तो सांभाळायचा कुणी? कायदा चूक असं म्हणत नाही मी, पण खर्च आमच्या अंगावर आणि पाप पण आमच्याच. त्यामुळे आता कालवडच व्हावी म्हणून वेगळं सीमेन वापरतात, ते महाग. शहरातल्यांनी दूध सोडलं तर राग नाही, फक्त आम्हाला राक्षस म्हणू नका. माझी पोरगी दोन वर्षं झाली दूध पीत नाही, कोऱ्या चहात गूळ घालते. सकाळी धारेला मात्र माझ्याबरोबर तीच असते. कारण विचारलं नाही अजून.

*

मी इंग्लंडमध्ये. वीगन हा शब्द इथलाच, 1944 मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी काढलेला, त्यामुळे इथे कुणी कारण विचारत नाही, ओटचं दूध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. मी सुरुवात केली हवामानाच्या काळजीनं, गाईगुरांच्या ढेकरातून मिथेन जातो वगैरे वाचून, आणि विमानानं वर्षातून दोनदा पुण्याला येतोच, तेव्हा फार ताठ्यानं बोलत नाही. आईला चार वर्षं समजावतोय. परवा फोनवर म्हणाली, "बरं, तुझ्या त्या वीगनात ताक तरी चालतं का रे? पातळच असतं."