सॅटिव्हाचा लांब फुलोरा आणि दिवसांचं गणित

दादा, तुम्ही विचारलंत की गांजाच्या सॅटिव्हा प्रकाराचे जुने वाण एवढे गुणी, तर कॅनडातले परवानाधारक उत्पादक ते फारसे लावत का नाहीत? आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याने गांजाची लागवड बंद, त्यामुळे हाताचा अनुभव नाही. पण मी निफाडचा द्राक्षवाला, दिवसांचं गणित मला कळतं.

इंडिका या गांजाच्या दुसऱ्या प्रकाराकडचे संकरित वाण आठ-नऊ आठवड्यांत फुलोरा उरकतात. विषुववृत्ताकडचे थाई, कोलंबियन असे सॅटिव्हा वाण बारा ते सोळा आठवडे घेतात. दिव्याखालच्या शेतीत तेवढे दिवस खोली अडकते, वीजबिल चालू राहतं. त्यात झाड फुलोऱ्यातही उंच होत दिव्याला टेकतं. उघड्यावर लावावं, तर तिकडे पीक तयार व्हायच्या आत पाला गोठवणारी थंडी येते.

गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, आमच्या थॉम्पसन द्राक्षाला सव्वाशेएक दिवस लागतात. वर पंधरा दिवस माल वेलीवर राहिला की झोप उडते. आभाळ भरून आलेल्या रात्री बॅटरी घेऊन मी घड चाचपलेत. घट्ट घडात आतला एक मणी तडकला की रस ओघळतो आणि शेजारचे मणी सडायला लागतात.

म्हणूनच मला या सॅटिव्हा वाणांचं मोल वाटतं. त्यांचं फूल मोकळं, वारा आरपार जातो, दमट हवेतही बुरशी सहसा धरत नाही. संकरासाठी तरी हे बी जपलंच पाहिजे. पण माल वजनावर विकला जातो, आणि मोकळं फूल काट्यावर हलकं भरतं.