वेग वाटायचा तर ड्रायव्हरची परवानगी कशाला?

विश्रामबागकर

सरळ मुद्द्यावर येतो. फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर बँडविड्थ (लाइनचा वेग) वाटायला ऑल्टक्यू ही रांगांची चौकट वापरा, असं नव्या लोकांना सांगणं आता बंद करावं, हे माझं ठाम मत आहे. ऑल्टक्यू नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामवर, अवलंबून आहे. कोणाला किती वेग द्यायचा हे ठरवणं ऑपरेटिंग सिस्टिमचं काम, ड्रायव्हरचं नाही.

मी विश्रामबागेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका चालवतो. फायबरची एकच लाइन, १०० एमबीपीएसची. राउटर म्हणून जुना डेस्कटॉप, त्यावर फ्रीबीएसडी आणि पीएफ ही फायरवॉल. संध्याकाळी सगळे एकदम व्याख्यानांचे व्हिडिओ लावतात आणि त्यात एकाने मोठी फाइल उतरवायला घेतली की बाकीच्यांचं चाक फिरत बसतं. म्हणून ऑल्टक्यूतल्या एचएफएससी या वाटणीच्या रीतीने रांगा लावल्या होत्या, आणि त्या उत्तम चालल्या होत्या. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि कार्ड गेलं. सांगलीत त्या दिवशी जे मिळालं ते कार्ड बसवलं. कार्ड ओळखलं गेलं, पत्ता मिळाला, इंटरनेट सुरू झालं. पीएफचे नियम चढवायला गेलो तर एका ओळीचं उत्तर: ‘ड्रायव्हर डझ नॉट सपोर्ट ऑल्टक्यू’.

असं का होतं तेही सांगतो. ऑल्टक्यू ही केंजिरो चो यांनी सोनीच्या संशोधन प्रयोगशाळेत घडवलेली चौकट. कार्डाकडे जाणारी पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) ज्या रांगेत थांबतात, ती रांगच ऑल्टक्यू आपल्या ताब्यात घेते. त्यासाठी ड्रायव्हरने पॅकेट उचलताना ठरलेल्या मॅक्रोंमधूनच (कोडच्या तयार तुकड्यांमधून) उचललं पाहिजे. जुने ड्रायव्हर तसं करायचे. पुढे अनेक रांगांची कार्डं आली. त्यांचे ड्रायव्हर पॅकेट थेट स्वतःच्या बफरात (तात्पुरत्या साठ्यात) घेऊ लागले. मधली रांगच उरली नाही, मग ऑल्टक्यू बसणार कुठे?

याउलट डमीनेट, फ्रीबीएसडीतलीच वेग बांधायची दुसरी सोय. पिसा विद्यापीठाच्या लुइजी रिझ्झो यांनी १९९७ च्या सुमारास प्रोटोकॉलच्या चाचण्यांसाठी ते लिहिलं. ते आयपीच्या पातळीवर, म्हणजे ड्रायव्हरच्या वर पत्ते बघणाऱ्या थरात, पॅकेट अडवतं आणि ठरलेल्या वेगाने सोडतं. खाली कोणतं कार्ड आहे हे त्याला ठाऊकही नसतं. २०१६ च्या फ्रीबीएसडी ११ पासून त्यात प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देऊन उशीर कमी ठेवणारं एफक्यू-कोडेल आहे. फ्रीबीएसडी १४ पासून तर पीएफच्या नियमांतूनच ते वापरता येतं, आयपीएफडब्ल्यू ही दुसरी फायरवॉल शेजारी चालवायची गरज नाही. मग ऑल्टक्यूचा हट्ट कशासाठी?

कुपवाड_एमआयडीसी

पूर्ण असहमत. गेली कित्येक वर्षं कुपवाडच्या कारखान्यांमध्ये हीच यंत्रं बसवतोय.

ऑल्टक्यूच्या मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या ड्रायव्हरांची यादी स्वच्छ छापलेली आहे. ईएम आहे, आरई आहे, बीजीई आहे. पीपीपीओईवाल्यांसाठी (युजरनेम-पासवर्डने जोडायच्या लाइनवाल्यांसाठी) एनजी इंटरफेससुद्धा आहे. फायरवॉल उभारणाऱ्याने कार्ड घेण्याआधी ती यादी वाचायची असते. दुकानात त्या दिवशी वेगळं मिळालं, हा चौकटीचा दोष कसा?

आणि एचएफएससी सोडून द्यायचं म्हणजे काय सोडायचं हे लोकांना कळतच नाही. स्टोइका, झँग आणि एंग या तिघांनी १९९७ मध्ये मांडलेली ही रीत एकाच वेळी दोन हमी देते, वेगाची आणि उशिराची. आमच्याकडे एका कारखान्यात सीसीटीव्ही, टॅली आणि फोन एकाच लाइनवर आहेत. फोनच्या पॅकेटला ठरावीक वेळेत बाहेर पडायचं आहे, त्याला वेग मात्र नगण्य लागतो. ही गोष्ट एचएफएससीत एका ओळीत लिहिता येते. डमीनेटमध्ये तुम्ही वजनं (कोणाला किती वाटा) देऊ शकता, उशिराची अशी हमी देऊ शकत नाही. पॅकेट जिथे खरोखर थांबतं तिथेच रांग हवी, आणि ती जागा कार्डाच्या तोंडाशी आहे. म्हणून ड्रायव्हरचं सहकार्य लागतं.

विश्रामबागकर

“पॅकेट जिथे खरोखर थांबतं” म्हणालात, त्यावरच बोलूया.

माझं कार्ड गिगाबिटचं, लाइन १०० ची. माझ्या कार्डाच्या तोंडाशी पॅकेट कधी थांबतच नाही, ते पुढे फायबरवाल्याच्या डब्यात तुंबतं. कारखान्यातही तुमची हीच स्थिती असणार. म्हणजे ऑल्टक्यू असो वा डमीनेट, आपण लाइनपेक्षा थोडी कमी अशी कृत्रिम मर्यादा घालतो आणि तुंबणं आपल्या घरात आणतो. आयर्विन पुलावर कोंडी होऊ नये म्हणून पोलीस अलीकडेच गाड्या रोखून थोड्या-थोड्या सोडतो, तसं. त्याला गाडी कोणत्या कंपनीची हे विचारावं लागत नाही.

दुसरं म्हणजे ऑल्टक्यू फक्त बाहेर जाणारी वाहतूक बांधतं. डाउनलोड बांधायचं तर आतल्या कार्डावरून बाहेर पडताना बांधावं लागतं. माझ्याकडे आत दोन कार्डं आहेत: एक वाचनकक्षाचं, एक ऑफिस आणि वायफायचं. दोन्हींना मिळून ९० ची एकच मर्यादा ऑल्टक्यूत घालता येत नाही, प्रत्येक कार्डाचा हिशोब वेगळा. डमीनेटचा एकच पाइप (ठरलेल्या वेगाची वाट) दोन्हींना पुरतो. शिवाय पत्त्याचा मास्क (पत्त्यानुसार विभागणी) लावला की प्रत्येक मुलाची आपोआप स्वतंत्र रांग होते. अभ्यासिकेत मला एवढंच हवं आहे.

माधवनगर_केबल

एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

ऑल्टक्यू चालावं म्हणून अनेक रांगांच्या कार्डाला जबरदस्तीने एका रांगेवर आणावं लागतं. आयजीबी या ड्रायव्हरसाठी पूर्वी कर्नल (सिस्टिमचा गाभा) बांधताना त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागायचा. चार कोअरचं यंत्र, चारही कोअरना वाटलेलं काम, आणि मग सगळी पॅकेटं एका कुलपातून, म्हणजे एका वेळी एकच. घरगुती लाइनला काही फरक पडत नाही. आमच्यासारख्या छोट्या ऑपरेटरला संध्याकाळी फार पडतो. आम्ही म्हणूनच ते काढलं.

मिरजेची_संगणकवाली

मी मिरजेत एका रुग्णालयाचं नेटवर्क बघते. दोन्ही बाजूंचं अर्धं-अर्धं पटतंय, पण मला वाटतं तुम्ही दोघंही ड्रायव्हरला चुकीच्या जागी शोधताय.

आमच्याकडे सीटी स्कॅनच्या प्रतिमा बाहेरगावच्या रेडिओलॉजिस्टकडे जातात. अपलोड सुरू झाला की त्याच वेळी चाललेला डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल तुटायचा. आम्ही लिनक्सवर आहोत. तिथे रांगेची शिस्त कर्नलच्या मधल्या थरात असते, कोणत्याही कार्डावर लावता येते. ‘ड्रायव्हर चालत नाही’ असा निरोप येत नाही. २०१८ च्या ४.१९ कर्नलपासून केक नावाची तयार शिस्त आहे, एका ओळीत लागते. विश्रामबागकरांचं स्वप्न तिथे पूर्ण झालंय असं वाटेल.

पण नाही. कर्नलने पॅकेट सोडलं की ते ड्रायव्हरच्या रिंगमध्ये (कार्डाकडे जाण्याआधीच्या साठ्यात) पडतं, आणि तिथे शेकडो पॅकेटं साचू शकतात. तिथे गेलेल्या पॅकेटवर कोणत्याही शिस्तीची सत्ता चालत नाही. म्हणून २०१२ मध्ये, ३.३ कर्नलमध्ये, बीक्यूएल आलं: रिंगमध्ये जरुरीपेक्षा जास्त बाइट साचू द्यायचे नाहीत. त्यासाठी प्रत्येक ड्रायव्हरमध्ये थोडा कोड घालावा लागतो. काही ड्रायव्हरांत तो आहे, काहींत नाही. ऑल्टक्यू निदान तोंडावर नाही म्हणून सांगतं. इथे काहीच सांगितलं जात नाही, फक्त उशीर वाढतो. माझ्या मते हे जास्त वाईट.

विश्रामबागकर

ताई, बीक्यूएलचा मुद्दा मोलाचा आहे, पण तो लागतो कधी? कार्ड स्वतः भरलं तरच. मर्यादा लाइनखाली घातली असेल तर रिंग रिकामीच राहते. तुमची अपलोडची मर्यादा केकमध्येच घातली असेल ना? मग ड्रायव्हरमध्ये बीक्यूएल असो-नसो, सीटी स्कॅनच्या वेळी फरक पडू नये.

मिरजेची_संगणकवाली

हो, केकमध्येच. लाइनच्या बाबतीत तुमचं बरोबर. पण रुग्णालयात दोन इमारतींमध्ये आमची स्वतःची गिगाबिट तार आहे आणि रात्रीच्या बॅकअपला ती भरते. तिथे कार्ड हाच चिंचोळा भाग. सगळ्यांकडे फक्त बाहेरचीच लाइन अरुंद असते असं धरून चालू नका.

कुपवाड_एमआयडीसी

ताईंनी माझंच म्हणणं मांडलं. त्यात वायफायची भर घालतो.

विश्रामबागकर, तुमच्या मुलांपैकी बहुतेक जण वायफायवर असणार. वायफायचा वेग दर क्षणाला बदलतो. भिंतीआडच्या मुलाला १० मिळतात, समोरच्याला ३००. तुम्ही राउटरवर ९० ची मर्यादा घालून बसलात तरी हवेतली रांग ॲक्सेस पॉइंटच्या ड्रायव्हरमध्ये तुंबते. हाच त्रास ओळखून नेटवर्कमधल्या उशिरावर काम करणारे डेव्ह टाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एफक्यू-कोडेल लिनक्सच्या वायफाय थरात, एटीएच९के सारख्या ड्रायव्हरांच्या साथीने, आत उतरवलं. कारण वरून मर्यादा घालून तिथे भागत नाही, कोणाला किती वेळ हवा मिळाली हे ड्रायव्हरलाच कळतं.

म्हणून “वेग वाटणं हे ड्रायव्हरचं काम नाही” हे तुमचं मूळ म्हणणंच मला मान्य नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी जबाबदारी घ्यावी यासाठी आपण आग्रह धरला पाहिजे. आज म्हणालो की डमीनेट आहे, ड्रायव्हरचं सोडा, तर उद्या कोणी ती काळजीच घेणार नाही.

विश्रामबागकर

ओपनबीएसडी या फ्रीबीएसडीसारख्याच सिस्टिमने काय केलं ते बघा. ऑल्टक्यू पीएफबरोबर रुळलं ते त्यांच्याकडेच. २०१४ मध्ये ५.५ आवृत्तीत त्यांनी नवी रांगपद्धत आणली आणि त्याच वर्षी ५.६ मध्ये ऑल्टक्यू काढून टाकलं. एचएफएससीची कल्पना आत ठेवली. २०१७ च्या ६.२ मध्ये प्रवाहनिहाय रांगाही आल्या. म्हणजे हमी टिकवूनही चौकट बदलता येते. फ्रीबीएसडीतही तेच व्हावं, अशी माझी मागणी आहे.

वायफायबद्दल वाद नाही. ॲक्सेस पॉइंटच्या आत ड्रायव्हरलाच बघू द्या. पण एका गावातल्या अभ्यासिकेच्या राउटरमध्ये कार्ड बदललं म्हणून सगळी वाटणी कोसळावी, हे मी स्वीकारणार नाही. इथे पुण्या-मुंबईसारखं दहा प्रकारचं कार्ड दुकानात मांडलेलं नसतं. मुक्त सॉफ्टवेअरचा मोठेपणा हाच ना, की जे हाताशी आहे त्यावर ते चाललं पाहिजे?

तासगाव_विद्यार्थी

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट याच विषयावर घ्यायचा विचार आहे. एक शंका. डमीनेटमुळे सीपीयूवर ताण येतो आणि वेळेची अचूकता कमी असते असं वाचलंय. खरं आहे का?

कुपवाड_एमआयडीसी

अचूकतेचं खरं आहे. डमीनेट कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यावर पॅकेट सोडतं. साधारण १००० हर्ट्झ असतं, म्हणजे एका मिलिसेकंदाच्या पटीत. व्हिडिओला काही होत नाही. माझ्या फोनच्या ओळीलाही बहुधा होणार नाही, पण कारखान्यात मशीन नियंत्रणाची पॅकेटं असतील तर मी तिथे डमीनेट लावणार नाही. ताण मात्र ऑल्टक्यूचाही असतोच, त्यावरून निवड करू नकोस.

मिरजेची_संगणकवाली

बाळा, प्रोजेक्ट घेच. फक्त वेग मोजू नकोस. लाइन पूर्ण भरलेली असताना पिंगचा (चाचणी पॅकेटच्या जाण्यायेण्याचा) उशीर किती वाढतो ते मोज: आधी काहीच न लावता, मग ऑल्टक्यूने, मग डमीनेटवरच्या एफक्यू-कोडेलने. तिन्ही वेळा कार्ड तेच ठेव, आणि नंतर कार्ड बदलून पुन्हा कर. ऑल्टक्यूला चालणारं जुनं ईएमचं कार्ड माझ्याकडे पडून आहे, मिरजेला आलास तर घेऊन जा.

विश्रामबागकर

आणि दुसरं कार्ड माझ्याकडून ने, ऑल्टक्यूला नाही म्हणणारं. माझा पाइप ९० वर आहे, नियमांची फाइल पाठवतो. कुपवाडकर, तुमची एचएफएससीची फाइलही त्याला द्या, म्हणजे मोजणी तुमच्याच नियमांवर होईल.

कुपवाड_एमआयडीसी

देतो. पण फोनची रांग वगळून मोजू नकोस. माझा सगळा मुद्दा त्या रांगेत आहे.