मदत हवी आहे: सबवूफरच्या बंद पेटीत फायबर किती भरू?

नमस्कार मंडळी. माझ्या हॅचबॅकच्या डिकीत 12 इंची सबवूफर, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणारा स्पीकर आहे. पेटी बंद, म्हणजे पोर्ट (हवा आत-बाहेर जायचं भोक) नसलेली, 18 मिमी एमडीएफची. जागेअभावी आतून जेमतेम 25 लिटर भरते. स्पीकरसोबतच्या कागदावर 32 लिटर सुचवलेत. त्यामुळे 55-60 हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो आणि त्याखाली एकदम उतरतो. ढोलकीची थाप सुटी ऐकू येत नाही, नुसता घुमारा राहतो. फार जीव लावून बनवलीय हो पेटी, म्हणून वाईट वाटतं.

उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर पिंजून सैलसर भरला, की आतली हवा दाबली जाताना तापते ती उष्णता तो शोषून घेतो आणि स्पीकरला पेटी मोठी भासते, एवढं मला कळलंय. लिटरला साधारण 16 ग्रॅम धरले तर 400 ग्रॅम होतात. एवढा भरू, की निम्म्यापासून सुरुवात करून ऐकत ऐकत वाढवू? फायबर स्पीकरच्या चुंबकामागच्या भोकात जाऊ नये म्हणून जाळी कसली लावता?

आणखी एक. मागच्या फळीवर तळहात ठेवला की ती थरथरते. हे फायबरनं जाणार नाही, आतून आडवी पट्टीच मारावी लागेल असं मला वाटतं. फळीला ब्युटाइल शीट (थरथर शोषणारी रबरी चादर) चिकटवून कुणाला फरक जाणवलाय का? रविवारी पेटी उघडणार आहे, त्याआधी सांगाल तर बरं होईल.