एका खोलीत वजनांचा व्यायाम: आधी काय घ्यावं?

अबोली_२

घरातली एक खोली मोकळी झाली आहे. १० बाय ११ फूट, वरच्या मजल्यावर. मी आणि धाकटा भाऊ तिथे वजनांचा व्यायाम सुरू करणार आहोत. स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन बैठका), डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), बेंच प्रेस (बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलणं) हे सगळं जिममध्ये शिकून झालंय, पण तिथल्या वेळा आता जमत नाहीत. माझी वेळ पहाटेची, त्याची रात्रीची, म्हणजे दोघंही एकेकटेच असणार. सगळं एकदम घेता येणार नाही. बारबेल (दोन्ही हातांनी धरायचा लांब बार) आधी घेऊ की डंबेल? बार टेकवायचा खांबांचा रॅक लागतोच का? आणि वरच्या मजल्याला वजन झेपेल ना?

मोकळी_हवा

प्लेटा बदलता येतील अशी डंबेलची एक जोडी आणि एक बाक, बास. छाती, खांदे, पाठ, दंड सगळं होतं आणि खोलीही अडत नाही.

पोलाद

अबोली, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट 'एकेकटेच' ही आहे. म्हणून रॅकपासून सुरुवात करते.

मीही एकटीच व्यायाम करते. बार अडकला तर झेलणाऱ्या आडव्या सेफ्टी दांड्या असलेल्या रॅकशिवाय एकट्याने बेंच प्रेस करूच नये, या मताशी मी पक्की आहे. बार छातीवर अडकला तर उचलायला कोणी नसतं. बेंचसाठी दांड्यांची उंची अशी ठेवा की छाती फुगवून पाठीला नेहमीची कमान दिली की बार दांड्यांना न टेकता छातीला लागेल, आणि अंग सैल सोडलं की बार दांड्यांवर विसावेल, गळ्यापर्यंत येणार नाही. स्क्वॉटला सगळ्यात खालच्या स्थितीच्या किंचित खाली. दोन्ही उंची आधी रिकाम्या बारने तपासा आणि दांड्या खांबांच्या कितव्या भोकात लावायच्या ते भावाचे व तुमचे आकडे रॅकवरच चिकटवून ठेवा. तुमची उंची वेगळी, त्याची वेगळी.

आता बार. नेहमीचा ऑलिंपिक बार २० किलोचा आणि २.२ मीटर लांब असतो. तुमच्या ११ फुटांत तो बसेल, पण दोन्ही टोकांना जेमतेम पावणेदोन-दोन फूट उरतील. प्लेट चढवताना भिंतीला कोपर लागेल. मी तुमच्या जागी असते तर १५ किलोचा बार घेतला असता. लांबी २.०१ मीटर, पकडीची जाडी २५ मिलिमीटर, म्हणजे बोटं नीट वळतात. गंमत अशी की दोन कॉलरमधलं (प्लेटा आतून जिथे अडतात त्या कड्यांमधलं) अंतर मोठ्या बारइतकंच असतं, त्यामुळे रॅकवर व्यवस्थित बसतो, आणि टोकं ५० मिलिमीटरचीच असल्याने प्लेटाही त्याच चालतात. स्वस्त आखूड बारचं तसं नसतं. काही तर रॅकच्या दोन खांबांवर टेकतच नाहीत.

प्लेटांमध्ये लोक मोठ्या आधी घेतात. तुम्ही १.२५ किलोची जोडी पहिल्या दिवशीच घ्या, जमलं तर अर्ध्या किलोचीही. खांद्याच्या प्रेसला (बार खांद्यांपासून डोक्यावर ढकलणं) २० वरून थेट २५ किलो म्हणजे चौथाईने वाढ, तिथेच माणूस महिनोन्महिने अडकतो. २१, २२ असं चढत गेलं तर ताकद वाढत राहते. घरच्या व्यायामाचं सगळं यश या छोट्या प्लेटांत आहे असं मला मनापासून वाटतं.

डेडलिफ्टला ४५ सेंटिमीटर व्यासाच्या प्लेटा असल्या की बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. लोखंडी लहान प्लेटांनी तो खाली जातो आणि पाठ वाकते. मग प्लेटांखाली लाकडी ठोकळे ठेवा.

मोकळी_हवा यांचं म्हणणं वरच्या अंगापुरतं पटतं. पण पाय लवकर ताकदवान होतात आणि मग हातांना पेलेल तेवढंच वजन पायांना मिळतं. डंबेल नंतर घ्या. फक्त त्यांच्या दांड्यांची टोकं ५० मिलिमीटरची बघा, म्हणजे प्लेटा दोन्हीकडे चालतील.

मजल्याचं: घरांचे मजले साधारणपणे दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो भार धरून आखलेले असतात. वजनं भिंतीकडेने पसरून ठेवा, मधोमध रचू नका. खरा त्रास आपटण्याचा. प्लायवूडचे दोन थर, त्यावर जाड रबर, आणि बार हातात धरूनच खाली ठेवायचा. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवाच.

अबोली_२

१५ किलोच्या बारचं डोक्यातच नव्हतं, आभार! छत ८ फूट ९ इंच आहे, पंखा बरोबर मधोमध. भाऊ ५ फूट ११. उभ्याने ओव्हरहेड प्रेस, म्हणजे तीच खांद्याची प्रेस, जमेल?

पोलाद

त्याला हात पूर्ण वर करून काठी धरायला सांगा आणि काठीपर्यंतची उंची मोजा. त्यात मोठ्या प्लेटेची अर्धी उंची, साडेबावीस सेंटिमीटर, मिळवा. छताला बार बहुधा लागणार नाही, पण पंख्याला लागू शकतो. एवढ्या खोलीत पंखा चुकवून उभं राहणं अवघड आहे. तो उतरवून भिंतीवरचा लावा. तोवर त्याने प्रेस बाकावर बसून करावी, रॅकच्या आतच, दांड्या खांद्यांच्या जरा खाली लावून.